नावातला ‘जी’ : डेबियनमधील दोन पुनर्बांधण्या

डेबियन लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात ‘झेडलिब१जी’ नावाचे एक पॅकेज बहुधा असतेच. माहिती दाबून लहान करणे हे त्याचे काम. त्याच्या नावातील शेवटच्या ‘जी’ला आज काही काम नाही. वेस कधीच पडून गेली तरी गल्लीच्या नावात ती राहते, तसा तो राहिला आहे. तो आला कुठून, ते पाहू.

पर्ड्यू विद्यापीठातील विद्यार्थी इयन मरडॉक याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियनची घोषणा केली. लिनक्सचा गाभा आणि त्याभोवतीची सॉफ्टवेअरे एकमेकांशी जुळवून लोकांच्या हाती द्यायची, हे या स्वयंसेवकांचे काम. यातील पॅकेजे एकमेकांवर विसंबून असतात आणि जवळजवळ सर्वांच्या तळाशी सी भाषेची लायब्ररी असते.

ही तळाची लायब्ररीच १९९७-९८च्या सुमारास बदलली. ‘लिबसी५’ जाऊन ‘लिबसी६’ आली. आता तुम्ही विचाराल, वरच्या प्रोग्रामात एक अक्षरही बदलले नाही, तर तो पुन्हा का बांधायचा? कारण असे, की मूळ मजकुरापासून प्रोग्राम बांधला जातो तेव्हा लायब्ररीतील कोणती गोष्ट किती जागा घेते, हे त्यात पक्के बसते. तळाची मापे बदलली, की जुना प्रोग्राम भलत्याच जागी हात घालतो. म्हणून सर्वांची पुनर्बांधणी करावी लागली. नव्या तळावर बांधलेल्या लायब्रऱ्या ओळखू याव्यात म्हणून त्यांच्या नावांना ‘जी’ जोडला गेला. जुलै १९९८ मध्ये डेबियन २.० प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात १,५०० हून अधिक पॅकेजे होती आणि ती सांभाळणारे ४०० हून अधिक लोक.

त्याच आवृत्तीत इंटेलच्या जोडीला मोटोरोला ६८००० मालिकेचे संगणकही आले. पॅकेज सांभाळणाऱ्याच्या घरी सहसा इंटेलचे यंत्र असे; मोटोरोलासाठी तेच पॅकेज दुसऱ्या कुणी बांधायचे. यंत्रे संथ आणि माणसे थोडी. या अडचणीतून रोमन होडेक यांचे ‘वॉना-बिल्ड’ आणि ‘बिल्डडी’ हे प्रोग्राम पुढे आले. पहिला म्हणजे खातेवही : काय बांधायचे आहे, काय बांधले जात आहे, काय फसले, आणि कोण दुसऱ्यासाठी खोळंबले आहे. दुसरा त्या वहीतून काम उचलतो, बांधतो आणि झाल्या कामाची नोंद पाठवतो. पुढे पुनर्बांधणीही याच वहीतून होऊ लागली. मूळ मजकूर तोच राहतो. आवृत्तीच्या क्रमांकापुढे फक्त ‘+बी१’ लागते.

या व्यवस्थेची मोठी कसोटी २०२४ मध्ये लागली. ३२ बिटांत मोजलेला काळ १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी, संपतो. त्यापुढे घड्याळ १९०१ सालात जाते. छोट्या एआरएम यंत्रांपैकी कित्येक तोवर चालू असतील. म्हणून काळाचे माप ६४ बिटांचे केले, शेकडो लायब्रऱ्यांच्या नावांना ‘टी६४’ जोडले आणि त्यांच्यावर विसंबलेली पॅकेजे क्रमाने पुन्हा बांधली. क्रम यंत्रांनी सांभाळला. जिथे बांधणी फसली, तिथे नोंद वाचून दुरुस्ती माणसांनीच केली.

एक अपवाद मात्र जाणूनबुजून ठेवला. ३२ बिटी इंटेलचे जुने माप तसेच राहिले. त्या यंत्रांसाठीचे कितीतरी जुने प्रोग्राम केवळ बांधलेल्या रूपात उरले आहेत. त्यांचा मूळ मजकूर वापरणाऱ्यांच्या हाती नाही. माप बदलले असते तर ते कायमचे बंद पडले असते. ज्याचे मूळ हाती नाही, ते पुन्हा बांधता येत नाही. मग यंत्रे कितीही असोत.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये हे ‘टी६४’ जागोजागी दिसते. पुढे कधीतरी एखादा मुलगा त्याचा अर्थ विचारील, तेव्हा ‘जी’ची हकीकतही त्याला सांगावी.