सुईच्या टोकावरची भुतं

भाचा आठ वर्षांचा असताना त्याच्या गालावर वाटाण्याएवढी, दगडासारखी कडक गाठ आली. एफएनएसी केली, म्हणजे बारीक सुईने पेशी ओढून तपासल्या. रिपोर्टात ‘कर्करोगाची शंका’ असं आलं आणि ताईचं जेवण सुटलं. दुसऱ्या डॉक्टरांनी त्याच काचपट्ट्या पुन्हा पाहिल्या आणि म्हणाले, “पायलोमॅट्रिकोमा वाटतोय. साधी गाठ आहे.”

एकाच काचेवर दोन निकाल कसे? बग दिसला की त्याचा इतिहास खणायचा, ही माझी कामातली सवय.

फ्रान्समध्ये मालेर्ब आणि शेनांते यांनी १८८० साली या गाठीचं वर्णन केलं. तिच्यात कॅल्शियम साठतं हे त्यांनी टिपलं, पण ती त्वचेच्या तेलग्रंथींतून येते असं मानलं. ती केस घडवणाऱ्या पेशींपासून बनते, हे अमेरिकेत फोर्बिस आणि हेल्विग यांनी दाखवलं ते १९६१ मध्ये.

सुईची वाट वेगळी होती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलात सर्जन हेज मार्टिन आणि तंत्रज्ञ एडवर्ड एलिस यांनी १९३० मध्ये सुईने गाठी तपासण्याची पद्धत मांडली. अमेरिकेत ती तेव्हा फारशी रुजली नाही. पुढे स्टॉकहोमच्या कॅरोलिंस्कामधल्या डॉक्टरांनी आणखी बारीक सुया वापरून ती नावारूपाला आणली.

आता या दोन वाटा आमच्या काचपट्टीवर भेटतात. या गाठीत कडेला गर्द केंद्रकाच्या, भराभर वाढणाऱ्या पेशी असतात. मध्ये असतात ‘घोस्ट सेल’: पेशीची बाह्यरेषा शाबूत, केंद्रकाची जागा मात्र रिकामी. केस व्हायला निघालेल्या आणि वाटेतच मेलेल्या या पेशी. सुईत कडेच्याच पेशी जास्त आल्या, तर चित्र कर्करोगासारखं दिसतं. अशा फसगती वैद्यकीय नियतकालिकांत अनेकदा नोंदल्या गेल्या आहेत. दोन्ही प्रकारच्या पेशी एकत्र दिसल्या, शिवाय रुग्णाचं वय, गाठीची जागा आणि कडकपणा जुळला, की निदान सुचतं.

आमच्या काचेच्या कोपऱ्यात थोड्या घोस्ट सेल होत्या. पहिल्या नजरेतून त्या निसटल्या होत्या.

गाठ छोट्या शस्त्रक्रियेने काढली. अख्खी गाठ तपासल्यावर निदान पक्कं झालं. पहिल्याच रिपोर्टावर थांबलो असतो, तर त्या कोवळ्या चेहऱ्यावर केवढी मोठी कापाकापी झाली असती! आज तिथे एक बारीक रेघ आहे, आणि भाचा ती क्रिकेटची जखम म्हणून मित्रांना दाखवतो.