हेर-उपग्रहाच्या फोटोंवरून हिमनदी कशी मोजतात?

एकाच जागेचे दोन कोनांतून काढलेले फोटो जुळवले की उंचीचा थ्रीडी नकाशा तयार होतो. फोनचे दोन कॅमेरे पोर्ट्रेट मोडमध्ये अंतर ओळखतात, साधारण तसंच. अमेरिकेच्या हेक्सागॉन हेर-उपग्रहाने 1970च्या दशकात फिल्मवर असे फोटो टिपले होते. (फिल्मचे डबे पॅराशूटने खाली यायचे आणि विमान ते हवेतच झेलायचं!) पुढे हे फोटो खुले झाले. कोलंबिया विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या जोशुआ मॉरर यांनी त्यावरून हिमालयातल्या सुमारे 650 हिमनद्यांचे जुने नकाशे बनवून नव्यांशी ताडून पाहिले. 2019मध्ये निष्कर्ष आला: 1975 ते 2000 दरम्यान बर्फाची उंची वर्षाला सरासरी 25 सेंटीमीटर घटत होती, 2000नंतर जवळपास दुप्पट. काजळीचा वाटा जागेनुसार बदलतो, पण वेग तर सगळीकडेच वाढलाय, म्हणून मुख्य कारण तापमानवाढच.