थंड की शांत? : ध्वनिमुद्रणातला एक जुना पेच

श्रीरामपूर तालुक्यातले बेलापूर हे प्रवरेकाठचे गाव. मे महिन्यात इथल्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो. अशा दुपारी एखाद्या घरात शाळेची समूहगीते संगणकावर मुद्रित करायची ठरवली, तर काय होते ते पाहू. आधी तबला, मग पेटी, मग मुलांचे आवाज, असे एकेक ट्रॅक वेगवेगळे घ्यायचे आणि शेवटी एकत्र करायचे. रस्त्यावरचा आवाज नको म्हणून खिडक्या बंद. छताचा पंखा माइकमध्ये ऐकू येतो म्हणून तोही बंद. माणसे घामाघूम होतात. टेबलाखालचा संगणकही तापतो, पण त्याचा पंखा बंद करता येत नाही. उलट खोली तापेल तसा तो अधिकच जोराने फिरतो आणि त्याची घरघर गाण्यात उतरते. तो मुद्दाम मंद केला, तर प्रोसेसर तापून स्वतःचा वेग उतरवतो आणि मुद्रणात मध्येच टक्‌टक्‌ असे खंड पडतात.

थंड ठेवावे तर यंत्र शांत राहत नाही आणि शांत ठेवावे तर थंड राहत नाही. हा पेच संगणकामुळे आला असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो बोलपटाइतका जुना आहे, आणि जुन्या लोकांनी शोधलेले मार्ग आजही उपयोगी पडणारे आहेत.

बोलपटाची भट्टी

१९०२ साली फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा माइक नव्हता. गायिका कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गात असे आणि त्या आवाजाच्या जोरावरच सुई मेणाच्या तबकडीवर खाचा पाडत असे. हे यंत्र जवळजवळ बहिरे होते. खोलीतली बारीकसारीक खुडबुड तबकडीपर्यंत पोचतच नसे. १९२५ पासून माइक आणि विद्युत्-वर्धक वापरात आले आणि यंत्राला कान फुटले. गाण्याबरोबर नको असलेला प्रत्येक आवाजही ते ऐकू लागले.

याचा पहिला तडाखा चित्रपटाला बसला. मूकपटाच्या काळातले प्रखर कार्बन-आर्कचे दिवे गुणगुणत. बोलपट आल्यावर हॉलिवूडमध्ये त्यांच्या जागी तारेचे मोठे दिवे आले. ते मुके होते, पण भयंकर तापत. बाहेरचा आवाज नको म्हणून स्टुडिओची दारे बंद असत. कॅमेऱ्याची खडखड ऐकू येऊ नये म्हणून तो काच लावलेल्या बंद पेटीत ठेवत आणि आत चालक उकडून निघे. या पेटीला तिथे थट्टेने ‘आइसबॉक्स’ म्हणत! शांतता विकत घेतली, ती उष्णतेच्या मोबदल्यात.

मुंबईत अर्देशीर इराणी यांनी ‘आलम आरा’ (१९३१) हा आपला पहिला बोलपट घेतला, तेव्हा अडचण आगगाडीची होती. स्टुडिओजवळून रेल्वेमार्ग जात होता. गाड्या थांबवणे शक्य नव्हते, म्हणून चित्रीकरण बरेचसे रात्री, गाड्या नसताना केले गेले. गोंगाट हटत नाही म्हटल्यावर त्यांनी वेळ हटवली. हा उपाय लक्षात ठेवण्याजोगा आहे.

एकावर एक आवाज

‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटात नट-नट्या कॅमेऱ्यासमोर स्वतःच गात. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने गाणे आधी मुद्रित करून नंतर त्यावर अभिनय करण्याची पद्धत आणली. ध्वनीची वेळ आणि चित्राची वेळ वेगळी झाली. ट्रॅकची कल्पना याच वाटेवरची आहे. फक्त तिथे एका ध्वनीची वेळ दुसऱ्या ध्वनीपासून वेगळी होते.

अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी १९४८ साली एका तबकडीवरचे वादन वाजवत, त्याच्या सोबतीने नवे वादन करत दोन्ही दुसऱ्या तबकडीवर उतरवले, आणि असे थर चढवत एकट्याने अनेक गिटारींचा मेळ उभा केला. दर थराला आधीची खरखर मात्र वाढत जाई. १९५७ मध्ये त्यांना अँपेक्स कंपनीचे आठ ट्रॅकचे टेपयंत्र मिळाले. बीटल्सचे लंडनमधले १९६७ चे गाजलेले मुद्रण चार ट्रॅकच्या यंत्रांवर झाले. चार भरले की ते मिसळून दुसऱ्या टेपवर उतरवायचे आणि मोकळ्या ट्रॅकवर पुढचे घ्यायचे, अशी त्यांची रीत होती.

यातले गणित वर्गात सांगण्यासारखे आहे. प्रत्येक ट्रॅकमध्ये खोलीची सारखीच घरघर असेल, तर आठ ट्रॅक मिसळल्यावर तिची ऊर्जा आठपट होते, म्हणजे पातळी ९ डेसिबेलने वाढते. एका ट्रॅकमध्ये कानाआड होणारा पंखा आठ ट्रॅकच्या गाण्यात स्पष्ट ऐकू येतो तो यामुळे. टेपची खरखर कमी करणारी युक्ती रे डॉल्बी यांनी काढली. १९६३ ते १९६५ या काळात ते संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते. इथून परतल्यावर १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा थाटली.

संगणकाची घाई

संगणक आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतो. प्रत्येक नमुन्याला २ बाइट धरल्यास एका ट्रॅकचे सेकंदाला ८८,२०० बाइट, आणि आठ ट्रॅकचे मिनिटाला सुमारे ४२ मेगाबाइट होतात. ४०० मेगाबाइटची हार्ड डिस्क साडेनऊ मिनिटांतच भरावी, असा हा हिशेब. १९९१ चे ‘प्रो टूल्स’ चार ट्रॅकचे होते आणि त्यासाठी संगणकात वेगळी कार्डे बसवावी लागत. १९९६ मध्ये ‘क्यूबेस व्हीएसटी’ने मिश्रण आणि घुमारा यांचे काम संगणकाच्या स्वतःच्या प्रोसेसरकडे दिले. तेव्हापासून घरचा संगणक हाच स्टुडिओ होऊ शकला.

पण या कामाला वेळेची कडक अट असते. नमुने गठ्ठ्याने येतात. गठ्ठा १२८ नमुन्यांचा असेल, तर २.९ मिलिसेकंदांत तो हातावेगळा व्हायलाच हवा. उशीर झाला की ‘टक्‌’ ऐकू येते. १,०२४ नमुन्यांचा गठ्ठा केल्यास २३ मिलिसेकंद मिळतात, पण गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कानावरच्या हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येऊन ताल सुटतो. म्हणून गाताना गठ्ठा लहान आणि मिश्रण करताना मोठा ठेवायचा.

उष्णतेचे गणित

प्रोसेसरची उष्णता त्याच्या वेगाच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ४८६ हा प्रोसेसर बहुधा पंख्याविना चाले. १९९३ चा पहिला पेंटियम सुमारे १५ वॅट घेई. २००४ पर्यंत पेंटियम ४ शंभर वॅटच्या पुढे गेला. त्याच वर्षी इंटेलने केवळ वेग वाढवत नेण्याचा नाद सोडला आणि एका चकतीवर दोन प्रोसेसर बसवण्याची वाट धरली.

याच सूत्रातून आपला उपाय निघतो. वेग आणि विद्युतदाब दोन्ही २० टक्क्यांनी उतरवले, तर उष्णता ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे जवळजवळ निम्मी होते. काम मात्र ८० टक्के मिळते. मुद्रणापुरता संगणकाचा कमाल वेग असा थोडा खाली बांधून ठेवावा. स्थिर मध्यम वेग हा अधूनमधून दम टाकणाऱ्या मोठ्या वेगापेक्षा केव्हाही चांगला.

आता पंख्याकडे वळू. १०० वॅट उष्णता वाहून नेताना हवा १० अंशांनीच तापावी असे वाटत असेल, तर सेकंदाला सुमारे ९ लिटर हवा खेळती हवी. ही हवा ८० मिलिमीटरच्या पंख्याने ढकलायची की १२० च्या? एका फेऱ्यात ढकलली जाणारी हवा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. मोठा पंखा फेऱ्यामागे सुमारे ३.४ पट हवा ढकलतो, म्हणून तो एक तृतीयांशाहून कमी वेगाने फिरला तरी पुरतो. आणि पंख्याचा वेग निम्मा केला, तर त्याचा आवाज साधारण १५ डेसिबेलने उतरतो. पंखे बंद करण्यापेक्षा मोठे आणि मंद करणे, हे शहाणपणाचे.

जुनी उत्तरे, नवी खोली

बेलापूरच्या त्या खोलीत आता परत जाऊ. इराणींप्रमाणे वेळ बदलावी. पहाटे खोली दुपारपेक्षा दहा-पंधरा अंशांनी थंड असते, तितकाच संगणकही थंड राहतो आणि रस्ताही निवांत असतो. बीटल्सप्रमाणे तयार झालेले ट्रॅक घुमाऱ्यासह एकत्र उतरवून ठेवावेत, म्हणजे प्रोसेसरला तेच काम पुन्हा पुन्हा करावे लागत नाही. मूळ ट्रॅक मात्र पुसू नयेत.  कॅमेऱ्याच्या पेटीवरून धडा घ्यावा आणि संगणक कपाटात कोंडू नये; त्यापेक्षा लांब तारा घेऊन तो शेजारच्या खोलीत ठेवावा. पट्ट्यांत साठलेली धूळ महिन्या-दोन महिन्यांनी, संगणक बंद करून, मऊ ब्रशने काढावी. मुद्रणाच्या वेळी इंटरनेट आणि इतर कामे बंद ठेवावीत.

विद्यार्थ्यांना एक प्रयोग देता येईल. रिकाम्या खोलीची एक मिनिट शांतता आठ वेळा वेगवेगळी मुद्रित करावी आणि आठही ट्रॅक मिसळून ऐकावे. ९ डेसिबेल म्हणजे काय, हे सांगावे लागणार नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यातून, सहकाऱ्यांच्या मदतीने, महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कित्येक बर्नार्ड बेल यांनी डिजिटल टेपवर मुद्रित केल्या, आणि २०१७ पासून त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर सर्वांना ऐकायला मिळू लागल्या. हे काम झाले नसते, तर ते गळे कायमचे मुके झाले असते. आपल्या गावातही असे गळे असतील आणि शाळेत, घरात संगणक आहेत. उणीव आहे ती थोड्या तयारीची.

आणि ओवी मुद्रित करताना शक्य असेल तर जाते फिरतेच ठेवावे. संगणकाच्या पंख्याची घरघर गाण्यातून काढायची असते. जात्याची घरघर हा त्या गाण्याचाच भाग आहे. कोणता आवाज ठेवायचा आणि कोणता टाळायचा, हे यंत्र ठरवत नाही. ते आपण ठरवायचे असते.