मुख्यतः रस्त्यासाठी सायकल निवडताना
वसई-विरारचा किनारपट्टीचा भाग सपाट आहे. चढ लागतो तो तुंगारेश्वरच्या डोंगराकडे. त्यामुळे डांबरी रस्त्यावर वेगाने धावणारी, पण पावसाळ्यातील खड्डे आणि भुईगाव, अर्नाळ्याकडील कच्च्या वाटाही झेपणारी ‘हायब्रिड’ सायकल येथे सोयीची ठरते. टायरची रुंदी ३५ ते ४० मिलिमीटर असावी. अरुंद टायर खड्ड्यांत लवकर पंक्चर होतात, तर खोल नक्षीचे रुंद टायर डांबरावर दमवतात. स्वस्त सायकलींतील स्प्रिंगचा चिमटा वजन वाढवतो, हादरे फारसे शोषत नाही. साधा चिमटाच घ्यावा. सपाटीवर ७-८ गिअर पुरेसे आहेत. दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभे राहिल्यास मधली दांडी अंगाला लागू नये. मडगार्ड व कॅरिअर बसवण्याची सोय पाहावी. खाऱ्या हवेत साखळी लवकर गंजते. तेलपाण्याचा खर्चही किमतीत धरावा.