एकाच ताग्यातले सदरे

दिवाळी जवळ आली की आमचे वडील बाजारातून कापडाचा एक अख्खा तागा घेऊन येत. त्यातून आम्हा चौघा भावांचे सदरे निघत आणि उरलेल्या कापडात धाकटीचा झगा बसे. पाडव्याला आम्ही रांगेने देवळाकडे निघालो की शेजारच्या काकू हसून म्हणत, "निघाली बँडपार्टी!" आम्हाला लाज वाटे. आई मात्र समाधानाने पाहत राही. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही!

त्या सदऱ्यांची आठवण पुढे मास्तर झाल्यावर मला एका निराळ्याच प्रसंगी झाली. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली होती. आमच्या शाळेत गणवेश ज्याचा त्याने शिवायचा आणि तो नसेल तर वर्गात बसायचे नाही, असा नियम. त्या दिवशी एक मुलगा डाळिंबी रंगाचा कोरा सदरा घालून आला. मी नियमाने त्याला बाहेर उभे केले. दुसऱ्या दिवसापासून तो दिसेना. आठवड्याने मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा त्याची आई म्हणाली, "गुरुजी, जुना सदरा फाटून गेला. सणाचा एवढा एकच घेतलाय. गणवेश शिवला की धाडते त्याला."

मी खाली मान घालून परत आलो. ज्या कापडाने गरीब-श्रीमंत भेद झाकायचा, त्याच कापडापायी गरिबाचे पोर घरी बसले होते! हा गणवेश शाळेत आला तरी कुठून, हे शोधण्याचा नाद मला तेव्हापासून लागला. मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. पण जे हाती लागले ते सांगण्यासारखे आहे.

साल १५५२. इंग्लंडच्या गादीवर सहावा एडवर्ड हा पंधरा वर्षांचा बालराजा होता. त्याचा बाप आठवा हेन्री याने मठ मोडून टाकले होते. लंडनमधल्या अशाच एका रिकाम्या मठात नगरवासीयांनी वर्गणी काढून अनाथ, निराधार मुलांची सोय केली. त्या संस्थेचे नाव ख्राइस्ट्स हॉस्पिटल. नाव हॉस्पिटल, पण होते अनाथालय आणि शाळा. जॉन स्टो या बखरकाराने लिहून ठेवले आहे, की त्या वर्षी नाताळात नगरपती घोड्यावरून निघाले, तेव्हा ३४० मुले तांबूस तपकिरी कापडाच्या एकसारख्या पोशाखात रस्त्याच्या कडेने उभी होती. पुढच्या ईस्टरला त्यांच्या अंगावर निळे कपडे आले, ते कायमचे. निळा रंग तेव्हा नोकरचाकरांचा आणि उमेदवारांचा. म्हणजे वाचकहो, हा गणवेश समतेसाठी जन्मलाच नव्हता. 'ही आमच्या दानावर वाढणारी मुले' असे चारचौघांत सांगणारी ती खूण होती, असेच मला वाटते.

पण काळाची गंमत पाहा. या शाळेचे अनुकरण करून इंग्लंडात गावोगावी 'निळ्या डगल्याच्या' शाळा निघाल्या. कवी कोलरिज आणि निबंधकार चार्ल्स लँब याच मूळ शाळेत शिकले. १९०२ साली शाळा लंडन सोडून ससेक्समधल्या हॉर्शमला गेली. पण लांब निळा डगला आणि पिवळे मोजे तिने सोडले नाहीत. आता तर तिथली मुले तो पोशाख अभिमानाने मिरवतात. दानाचा शिक्का भूषण कसा झाला? जुनेपणाचे वलय आहेच. पण मला दुसरेही एक कारण दिसते. तिथे गणवेश शाळा देते, आणि तो सर्वांना देते. मागणाराच नाही, तर लाज कुणाला वाटणार?

आपल्याकडेही सरकारी शाळांतून मोफत गणवेश मिळतो. २०२४-२५ या वर्षी शासनाने 'एक राज्य, एक गणवेश' अशी योजना आखली. कापड एकाच ठिकाणाहून घ्यायचे आणि महिला बचत गटांनी ते शिवायचे. हेतू चांगलाच होता. परंतु गणवेश वेळेवर पोचले नाहीत, मापे चुकली, अशा तक्रारी ठिकठिकाणांहून आल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले. पोराचे माप गावच्या शिंप्याला जितके कळते, तितके दूरच्या कचेरीला कसे कळावे?

गणवेशाची सक्ती असावी की नसावी, असे मला कुणी विचारले तर मी म्हणेन, गणवेश जरूर असावा. सक्ती मात्र देणाऱ्यावर असावी, घालणाऱ्यावर नको. ज्या शाळेला तो देता येत नाही, तिने मुलाला दाराबाहेर उभे करू नये.

तो मुलगा मी बोलावून आणला आणि डाळिंबी सदऱ्यासकट पहिल्या बाकावर बसवला. मुख्याध्यापकांनी विचारले, तेव्हा "माझ्या परवानगीने" एवढेच म्हणालो. त्या रात्री वडिलांची फार आठवण झाली. त्यांनी आम्हाला एकसारखे सदरे घालायला लावले खरे. पण ताग्याचे पैसे त्यांनी आमच्याकडे कधी मागितले नव्हते.