तीनास आठ

एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकातलं हे गणित पुष्कळांनी सोडवलं असेल. ३ ग्रॅम कार्बन ८ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये जाळला की ११ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो; मग तेवढाच कार्बन ५० ग्रॅम ऑक्सिजनमध्ये जाळला तर किती मिळेल? उतावळा विद्यार्थी ५३ लिहून मोकळा होतो. उत्तर ११च. उरलेला ४२ ग्रॅम ऑक्सिजन नुसता पडून राहतो.

यातली आकडेमोड जुनीच आहे. प्रमाण, फल आणि इच्छा यांवरून चौथी राशी काढायचं त्रैराशिक भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे, आणि ते तिच्याही आधीचं. रसायनांना ते लागू पडतं हे मात्र अठराव्या शतकाच्या शेवटी कुठे उमगलं. येरेमियास रिश्टर या जर्मन रसायनज्ञाने १७९२ पासून आम्लं आणि आम्लारी कुठल्या वजनांनी एकमेकांना पुरी पडतात याची कोष्टकं मांडली आणि या हिशोबाला स्टॉइकिओमेट्री हे नाव दिलं. गणिताचं त्याला वेडच होतं. आम्लारींचे आकडे अंकगणिती श्रेढीत आणि आम्लांचे भूमिती श्रेढीत बसलेच पाहिजेत, असा त्याचा हट्ट होता. ते काही बसले नाहीत. पण कोष्टकं टिकली.

पन्नास ग्रॅमची मेख मात्र एका भांडणातून आलेली आहे, असं मला वाटतं. फ्रान्समधला बडा रसायनज्ञ बेर्तोले म्हणत होता की एखादा घटक मुबलक असेल तर संयुगात तो जास्त शिरतो. स्पेनमध्ये काम करणारा प्रूस्त म्हणत होता, छे, प्रत्येक संयुगाचं प्रमाण ठरलेलं असतं. काही वर्षं दोघांचे लेख एकमेकांवर आदळत राहिले आणि शेवटी प्रूस्तचं म्हणणं ग्राह्य धरलं गेलं. बेर्तोलेही सगळा चुकला नव्हता. वस्तुमानाचा परिणाम अभिक्रिया कुठवर जाते यावर होतोच. संयुगाच्या घडणीवर होत नाही, एवढंच.

प्रमाण ठरलेलं असतं हे मान्य झालं, तरी कार्बनच्या बाबतीत ते नेमकं किती? लाव्हॉझिएने १७८९ च्या आपल्या ग्रंथात शंभर भाग कार्बन डायऑक्साइडमध्ये २८ भाग कार्बन आणि ७२ भाग ऑक्सिजन धरला होता. त्या हिशोबाने ३ ग्रॅम कार्बनला ८ नव्हे, ७.७ ग्रॅम ऑक्सिजन पुरला असता. त्या काळची साधनं पाहता इतकं जवळ पोचणं थक्क करणारं आहे. १७९७ मध्ये लंडनमध्ये स्मिथसन टेनंटने सोन्याच्या नळीत सोऱ्याबरोबर हिरा जाळला आणि दाखवलं की हिऱ्यातून निघणारा वायू तेवढ्याच वजनाच्या कोळशातून निघतो तितकाच असतो. म्हणजे हिरा हा निव्वळ कार्बन. ज्याला अगदी शुद्ध कार्बन हवा, त्याला आता जवाहिऱ्याकडे जाणं भाग होतं.

तरीही पुढची चाळीस वर्षं कार्बनचा आकडा थोडा वरच राहिला. बर्झेलियस या स्वीडिश रसायनज्ञाचा दबदबा असा, की त्याने दिलेला अणुभार सहसा कोणी तपासत नसे. वायूंच्या घनतेवरून काढलेला त्याचा कार्बनचा अणुभार, ऑक्सिजन १६ धरला तर, १२.२ च्या वर जात होता. बेरीज चुकते हे लक्षात आलं ते नॅफ्थलीनसारख्या कार्बनने गच्च भरलेल्या पदार्थांमुळे. त्यांचं पृथक्करण करून निघालेल्या वायूवरून या अणुभाराने कार्बन काढला की कार्बन आणि हायड्रोजन मिळून शंभर टक्क्यांच्या वर भरत! शंभरातून काही हरवलं तर प्रयोग करणाऱ्याचा हात सैल म्हणता येतो. शंभराच्या वर कसं जाणार?

पॅरिसमध्ये झाँ-बाप्तीस्त द्युमा आणि त्याचा तरुण बेल्जियन सहकारी स्तास यांनी मग मुळापासून सुरुवात केली. त्यांनी हिरे आणि ग्रॅफाइट ऑक्सिजनच्या प्रवाहात जाळले, निघालेला वायू पोटॅशमध्ये शोषून घेऊन तोलला, आणि मागे उरलेली राख तोलून ती मूळ वजनातून वजा केली. हिऱ्यातही थोडी राख निघतेच. १८४० मध्ये त्यांनी निकाल दिला: ऑक्सिजन १६ तर कार्बन १२. बाराला बत्तीस, म्हणजे तीनास आठ.

पुढे १९६१ मध्ये कार्बन-१२ या समस्थानिकाचं वस्तुमान व्याख्येनेच १२ ठरलं. निसर्गातल्या कार्बनमध्ये एक टक्क्याच्या आसपास कार्बन-१३ मिसळलेला असल्यामुळे त्याचा सरासरी अणुभार १२.०११ येतो. शाळेत तो शेपटा सोडून देतात, ते ठीकच.

तीनास आठचं हे गुणोत्तर आज राबतं ते औष्णिक वीज केंद्रांच्या उत्सर्जनाच्या हिशोबात. कोळशातला कार्बन किती टन ते काढायचं आणि त्याला ४४ भागिले १२ ने, म्हणजे सुमारे ३.६७ ने, गुणायचं. हिशोब काटेकोर हवा असेल तर राखेत न जळता राहिलेला कार्बन त्याआधी वजा करावा लागतो.