उपग्रहांतील प्रारणरोधी इलेक्ट्रॉनिक्स: टेलस्टारपासून आजपर्यंत

दळणवळण उपग्रहातील ट्रान्झिस्टर, मेमरी आणि प्रोसेसर यांना पंधरा-पंधरा वर्षे दुरुस्तीविना काम करावे लागते. तेही अशा जागी, जिथे वेगवान इलेक्ट्रॉन, प्रोटॉन आणि जड अणुकेंद्रांचा मारा कधीच थांबत नाही. हा मारा, म्हणजे प्रारण किंवा रेडिएशन, सोसूनही बिनचूक चालणारे भाग बनवण्याचे तंत्र गेल्या सहा दशकांत घडले. त्याच्या वाटचालीत एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. कक्षेत बिघाड होतो, तो प्रयोगशाळेत मुद्दाम घडवून पाहिला जातो, कारण सापडते आणि पुढच्या उपग्रहाची रचना बदलते.

अवकाश रिकामे नाही, हे १९५८ मध्ये कळले. अमेरिकेच्या एक्स्प्लोरर १ या उपग्रहावर आयोवा विद्यापीठाच्या जेम्स व्हॅन ॲलन यांनी गायगर गणक बसवला होता. ठरावीक उंचीच्या वर गेल्यावर त्याची नोंद शून्यावर येई. एक्स्प्लोरर ३ च्या नोंदी हाती आल्यावर उलगडा झाला. कण नव्हते म्हणून शून्य येत नव्हते; ते इतके होते की गणकाला मोजताच येत नव्हते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या या कणांचे दोन पट्टे पुढे व्हॅन ॲलन पट्टे म्हणून ओळखले गेले. आतल्या पट्ट्यात जोरकस प्रोटॉन असतात, तर बाहेरच्या पट्ट्यात मुख्यतः इलेक्ट्रॉन. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरची भूस्थिर कक्षा याच बाहेरच्या पट्ट्याच्या प्रभावक्षेत्रात येते.

या शोधानंतर चार वर्षांनी, १० जुलै १९६२ रोजी, बेल प्रयोगशाळेने बांधलेला टेलस्टार १ हा दळणवळण उपग्रह केप कॅनाव्हरलहून सुटला. ७७ किलो वजनाच्या आणि ८८ सेंटिमीटर व्यासाच्या या गोलावर ३,६०० सौर घट होते आणि आत हजाराहून अधिक ट्रान्झिस्टर. त्याची लंबवर्तुळाकार कक्षा सुमारे ९५० ते ५,९३० किलोमीटर उंचीची असल्याने दर फेरीत त्याला आतल्या पट्ट्यातून जावे लागे. याची जाणीव ठेवून अभियंत्यांनी वरचा थर एन प्रकारच्या सिलिकॉनचा असलेले सौर घट निवडले, कारण ते प्रारणात अधिक टिकत. त्यांवर कृत्रिम नीलमण्याच्या पातळ चकत्याही बसवल्या.

मात्र उड्डाणाच्या आदल्याच दिवशी, ९ जुलैला, अमेरिकेने प्रशांत महासागरातील जॉन्स्टन बेटाच्या वर ४०० किलोमीटर उंचीवर स्टारफिश प्राइम हा १.४ मेगाटनांचा अणुस्फोट केला. त्यातून बाहेर पडलेले असंख्य इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात अडकले आणि टेलस्टारच्या वाटेवरचा मारा अभियंत्यांनी धरलेल्या हिशेबापेक्षा कितीतरी वाढला. ब्रिटनच्या एरियल १ सह अनेक उपग्रहांना त्याचा फटका बसला. टेलस्टारवरून अटलांटिकपार दूरचित्रवाणीची चित्रे पोहोचली, पण नोव्हेंबरच्या अखेरीस तो जमिनीवरून दिलेल्या आज्ञा ऐकेनासा झाला.

बिघाड आज्ञा उलगडणाऱ्या डिकोडरमध्ये होता. बेलच्या अभियंत्यांनी त्याच जातीच्या ट्रान्झिस्टरांवर प्रयोगशाळेत प्रारणाचा मारा केला आणि दोष तसाच घडवून आणला. ट्रान्झिस्टर धातूच्या बंद डबीत बसवलेला असे आणि डबीत वायू असे. प्रारणाने या वायूचे आयन होत आणि ट्रान्झिस्टरवरच्या व्होल्टतेमुळे ते सिलिकॉनच्या पृष्ठभागावर जमत. मग नको तिथून विद्युतप्रवाह झिरपू लागे. व्होल्टता काढून घेतली की हा दोष बऱ्याच अंशी ओसरतो, हेही दिसून आले. त्यावरून अभियंत्यांनी उपाय योजला. दोष असतानाही डिकोडरला कळतील अशा बदललेल्या आकाराच्या स्पंदांनी आज्ञा पाठवण्यात आल्या. आज्ञा पोहोचू लागल्यावर बाधित ट्रान्झिस्टरांवरची व्होल्टता काही काळ काढून घेण्यात आली. जानेवारी १९६३ मध्ये टेलस्टार पुन्हा कामाला लागला. हजारो किलोमीटरवरच्या यंत्राची ही दुरुस्ती केवळ अचूक निदानाच्या बळावर झाली होती. २१ फेब्रुवारीला तो कायमचा बंद पडला, पण त्याने शिकवलेले वाया गेले नाही. मे १९६३ मध्ये सोडलेल्या टेलस्टार २ च्या डिकोडरमध्ये वायू काढून टाकलेल्या डब्यांचे ट्रान्झिस्टर होते. त्याची कक्षाही सुमारे १०,८०० किलोमीटरपर्यंत उंचावलेली होती, जेणेकरून सर्वाधिक माऱ्याच्या भागात त्याचा कमी वेळ जावा.

पुढचा प्रश्न नव्या प्रकारच्या ट्रान्झिस्टरने उभा केला. कमी विजेवर चालणारा मॉस ट्रान्झिस्टर उपग्रहांसाठी सोयीचा होता, पण तो प्रारणाला फार हळवा आहे, हे १९६४ मध्ये अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतील हॅरोल्ड ह्यूजेस यांच्या कामातून पुढे आले. त्यातल्या सिलिकॉन डायऑक्साइडच्या निरोधक थरात धन भार अडकतो आणि हळूहळू साठत जातो. त्यामुळे ट्रान्झिस्टर कोणत्या व्होल्टतेला चालू व्हायचा ते बदलते. शेवटी तो बंदच होत नाही. थर अधिक पातळ आणि अधिक शुद्ध वाढवणे, गळतीच्या वाटा अडवणारी कडी आखणे, नीलमण्याच्या निरोधक पायावर सिलिकॉनचा पातळ थर चढवणे, हे उपाय यातून आले. अणुयुद्धात क्षेपणास्त्रे आणि लष्करी उपग्रह टिकले पाहिजेत, या गरजेपोटी या संशोधनाला भरपूर पैसा मिळाला आणि दळणवळण उपग्रहांनाही त्याचा लाभ झाला. साठत जाणारी मात्रा रॅड या एककात मोजतात आणि तिची चाचणी कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी घेतात. माणसाला काहीशे रॅड प्राणघातक ठरतात. भूस्थिर उपग्रहातील भागांसाठी एक लाख रॅडची कसोटी सर्रास लावली जाते.

१९७५ मध्ये अगदी वेगळा दोष समोर आला. बाइंडर, स्मिथ आणि होल्मन यांनी दळणवळण उपग्रहांतील काही अनाकलनीय घटनांचा छडा लावला. सतरा उपग्रह-वर्षांत असे चारच प्रसंग घडले होते, आणि त्यांचा ठपका वैश्विक किरणांतील जड अणुकेंद्रांवर आला. असे एकच केंद्र शून्य किंवा एक साठवणाऱ्या फ्लिप-फ्लॉप परिपथातून गेले तरी मागे सुटलेल्या भारामुळे शून्याचा एक होतो. भाग शाबूत राहतो, पण माहिती बदलते. चिपवरचे घटक लहान होत गेले तसा एक बिट उलटवायला लागणारा भारही घटत गेला आणि अपवाद वाटणारी ही घटना रोजची झाली. कधी कधी एकाच कणाने चिपमध्ये लघुपरिपथ होतो आणि वीज तत्काळ तोडली नाही तर चिप जळते.

जाड पत्रा अशा जोरकस कणांना अडवू शकत नाही, म्हणून संरक्षण परिपथाच्या रचनेतच आणावे लागले. बेल प्रयोगशाळेच्या रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडलेल्या त्रुटी-दुरुस्ती संकेतांनी मेमरीतला उलटलेला बिट ओळखून पूर्ववत करता येतो. तोच हिशेब तीन परिपथांकडून करवून बहुमताचे उत्तर घेण्याची पद्धतही रूढ झाली.

चिपच्या बाहेरही धोका होता, हे २० जानेवारी १९९४ ला कॅनडाच्या ॲनिक ई१ आणि ई२ या उपग्रहांनी दाखवले. बाहेरच्या पट्ट्यातील जोरकस इलेक्ट्रॉन उपग्रहाच्या आतल्या निरोधक पदार्थांत साठले, तिथे विजेची ठिणगी पडली आणि दिशा स्थिर ठेवणाऱ्या चाकांचे नियंत्रण गेले. ई१ काही तासांत सावरला. ई२ ताब्यात यायला ऑगस्ट उजाडला. त्यानंतर निरोधकांत भार साठू न देणे आणि प्रत्येक धातूचा भाग उपग्रहाच्या सांगाड्याशी जोडणे यांकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाऊ लागले.

शीतयुद्ध संपल्यावर लष्करी मागणी घटली आणि प्रारणरोधी चिपसाठी खास कारखाने चालवणे अनेक कंपन्यांना परवडेना. म्हणून सर्वसाधारण कारखान्यातच चिप घडवायची, पण तिचा आराखडा प्रारण सोसेल असा करायचा, ही पद्धत पुढे आली. भारतात मोहालीची सेमी-कंडक्टर लॅबोरेटरी अवकाश कार्यक्रमासाठी चिप बनवते. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचा १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन त्वरक आहे. त्यातील जड आयनांच्या झोतात अवकाशासाठीच्या चिप धरून कोणत्या कणाने बिट उलटतो आणि कोणत्या कणाने चिप जळते, हे उड्डाणापूर्वी तपासता येते.

आज उपाय कक्षेनुसार निवडले जातात. पंधरा वर्षे टिकायच्या भूस्थिर उपग्रहात महागडे, कसोटीला उतरलेले प्रारणरोधी भागच वापरतात. सुमारे ५५० किलोमीटरवरच्या स्टारलिंकसारख्या जाळ्यांत मात्रा कमी असते आणि उपग्रह काही वर्षांतच बदलायचे असतात. तिथे बाजारातले साधे भाग तपासून, जोडीला राखीव परिपथ आणि त्रुटी-दुरुस्ती ठेवून काम भागते. तरीही कोणत्या भागावर किती विसंबायचे, याचा निकाल टेलस्टारच्या काळाप्रमाणेच जमिनीवरच्या चाचणीत लागतो.